‘रेन हाऊस’ कोकणात टांगावं का? चार मिलिमीटरचा घोळ

मार्च उजाडला की ऑनलाइन दुकानांत लाकडी घरट्यांची लाट येते. २० मार्चचा जागतिक चिमणी दिन २०१० पासून पाळला जातो आणि विक्रेत्यांनी तो बरोबर हेरला आहे. या लाटेत ‘रेन हाऊस’ किंवा ‘रेन बर्ड बॉक्स’ या नावाचं एक खोकं हमखास दिसतं. उतरतं छप्पर, पुढे एक लहान गोल भोक, भोकाखाली बोटभर लांबीची दांडी, आणि फोटोत शेपूट ताठ उभी करून बसलेला तपकिरी, गुबगुबीत चिमुकला पक्षी. देवनागरीत नाव वाचून बरेच जण हे पावसात टिकणारं घर समजतात. हा रेन पावसाचा नव्हे, त्या नावाच्या (wren) पक्ष्याचा आहे. आणि पाऊस तर या खोक्याला मुळीच सोसत नाही. पण पावसाचं पुढे पाहू, आधी भोक.

या खोक्याचं भोक २८ ते २९ मिलिमीटरचं असतं. आपल्या चिमणीला आरामात आत शिरायला ३२ लागतात. ही चार मिलिमीटरची कसर कारागिराच्या हातून राहिलेली नाही, ती मुद्दाम ठेवलेली आहे. खोक्याचा मूळ आराखडा अमेरिकेतल्या हाऊस रेनसाठीचा. तिथे आपली चिमणी परकी. १८५१ च्या सुमारास न्यू यॉर्कजवळच्या ब्रुकलिनमध्ये ती युरोपातून नेऊन सोडली आणि पुढे खंडभर पसरली. तिथल्या बिळात राहणाऱ्या पक्ष्यांची घरटी ती बळकावते, म्हणून तिथल्या लोकांनी भोकाचं माप असं ठरवलं की रेन आत जाईल आणि चिमणी बाहेर राहील. म्हणजे चिमणीला अडवण्यासाठी बेतलेलं खोकं आपण रत्नागिरीत, मालवणात, अलिबागला चिमणी दिनाच्या सवलतीत चिमणीसाठीच विकत घेतो. वर्षभर ते रिकामं राहतं आणि खापर चिमण्या कमी झाल्या यावर फुटतं.

विक्रेत्याचं पान नीट वाचलं तर आणखी गंमत कळते. ‘चिमणी, बुलबुल, शिंजीर, पोपट, सर्व लहान पक्ष्यांसाठी’ असं लिहिलेलं असतं. यातला बुलबुल उघड्या वाटीसारखं घरटं झुडपात बांधतो, शिंजीर फांदीच्या टोकाला पिशवी लोंबवतो, आणि पोपट या भोकातून शिरणारच नाही. राहता राहिली चिमणी, तिचं वर सांगितलंच.

खोकं असं का आहे ते समजायला रेन कसा वागतो ते माहीत हवं. रेन कुळात ८० पेक्षा जास्त जाती आहेत आणि एक सोडून सगळ्या उत्तर-दक्षिण अमेरिकेतल्या. ती एक जात युरोप-आशियात पसरली आहे. भारतात ती फक्त हिमालयात दिसते, सह्याद्रीत किंवा किनाऱ्यावर नाही. तिचं शास्त्रीय नाव ट्रॉग्लोडाइट्स, म्हणजे गुहेत शिरणारा. सवय तशीच आहे: दगडांच्या फटी, मुळांच्या पोकळ्या, पडलेली खोडं, पाचोळा यांत उंदरासारखा सरपटत शिरायचं आणि कोळी, अळ्या, लहान भुंगे, किडे बारीक अणकुचीदार चोचीनं उकरून खायचे. लांबी ९ ते १० सेंटिमीटर, वजन जेमतेम १० ग्रॅमच्या आगेमागे, आणि आवाज मात्र अंगाच्या मानानं अफाट. अमेरिकेतला हाऊस रेन थोडा मोठा, पण वजन तेवढंच. दाणे दोघांच्याही खिजगणतीत नाहीत.

घरट्याची तऱ्हा तर आपल्याकडच्या माणसाला लगेच ओळखीची वाटेल. युरोपातला रेन नर एकाच हंगामात पाच-सहा घुमटाकार घरटी अर्धवट बांधून ठेवतो, मादी फिरून पाहते, एक पसंत करते, मग आतलं पिसांचं अस्तर ती स्वतः घालते. बाकीची तशीच पडून राहतात. हुबेहूब सुगरण पक्ष्याचा नर करतो तो खटाटोप. सलीम अलींनी तो अलिबागजवळ किहीमला बसून पाहिला आणि १९३०-३१ च्या सुमारास लिहून प्रसिद्ध केला. हाऊस रेनचा नर खोक्यांत काटक्या भरत सुटतो; एका खोक्यात शेकड्यांनी काटक्या निघतात. आसपासच्या दुसऱ्या पक्ष्यांच्या अंड्यांना चोचीनं भोकं पाडण्याची खोडही त्याला आहे. म्हणून त्याच्या खोक्याचा तळ दहा बाय दहा सेंटिमीटर एवढाच ठेवतात, नाहीतर भरता भरता तो दमेल. आणि म्हणूनच सोबतच्या कागदावर खोकी एकमेकांपासून लांब टांगा असं छापलेलं असतं. चिमणीच्या बाबतीत ही सूचना उलटी आहे. चिमणी शेजार धरून राहणारी. एका वळचणीला हात-दीड हाताच्या अंतरावर तीन खोकी लावली तर एकट्या खोक्यापेक्षा लवकर भरतात.

हाऊस रेनचं एक कसब उल्लेखायलाच हवं. तो काटक्यांत कोळ्याच्या अंड्यांच्या पिशव्या आणून ठेवतो. कोळी बाहेर पडले की घरट्यातल्या पिसवा-गोचिडांसारख्या बारीक जिवांना खातात, पिल्लांचा त्रास कमी होतो. ज्याला हे खोकं साफ ठेवायचं आहे त्यानं हे लक्षात ठेवावं: कोपऱ्यातला कोळी झटकण्याची काही गरज नसते.

आता प्रश्न येतो की फोटोतल्यासारखा पक्षी आपल्या परड्यात दिसतो, तो कोण? शेपूट उभी, सतत वटवट, झुडपाच्या बुंध्याशी उड्या. तो वटवट्या. पूर्वीच्या इंग्रजी पुस्तकांत त्याला ‘रेन-वॉर्बलर’ म्हणत, त्यामुळे घोळ आणखी वाढतो. राखी वटवट्याचं शास्त्रीय वर्णन कर्नल साइक्स यांनी १८३२ मध्ये दख्खनच्या पक्ष्यांत केलं. लांबी १३ सेंटिमीटर, त्यातही बरीचशी शेपूट. पाठ राखी, पोट फिकट तांबूस. दचकून उडाला की पंखांतून चट् चट् असा ठिणगी उडाल्यासारखा आवाज येतो. एकदा ऐकला की पुन्हा न पाहता ओळखता येतो. खाणं रेनसारखंच, किडे आणि अळ्या. पण नातं काही नाही, आणि खोक्यात तर तो कधीच जाणार नाही. तो जमिनीपासून गुडघा-कमरेच्या उंचीवर, दाट झुडपात, पानं कोळ्याच्या धाग्यानं शिवून घरटं करतो. आत विटकरी लाल, वार्निश दिल्यासारखी चकचकीत तीन ते पाच अंडी असतात. हंगाम बहुतेक पावसाचा. शिंपीही त्याच पठडीतला: रुंद मऊ पानाच्या कडांना चोचीनं भोकं पाडून पानाचा द्रोण करतो. या दोघांसाठी खोकं विकत घेणं म्हणजे माशाला शिडी देणं.

बाजारात हे खोकं साधारण तीन रूपांत मिळतं.

पहिलं रंगीत एमडीएफचं. ऑनलाइन सर्वांत जास्त हेच खपतं आणि कोकणासाठी सर्वांत टाकाऊही हेच. भिंती सहा मिलिमीटरच्या, जोड गोंदाचे आणि बारीक पिनांचे. एमडीएफ म्हणजे गोंद घालून दाबलेले लाकडाचे बारीक तंतू. कडांना रंग नीट बसत नाही आणि पाणी नेमकं तिथूनच चढतं. जूनच्या पहिल्या आठवड्यात तळाच्या कडा फुगतात, जुलैत पापुद्रे सुटतात, आणि श्रावणात हात लावला तर भिजवलेल्या रव्यासारखं बोटाला लागतं. सहा मिलिमीटरची भिंत एप्रिल-मेच्या उन्हाला पण पुरत नाही. पश्चिमेच्या भिंतीवर टांगलेल्या अशा खोक्यात दुपारी पिल्लं अक्षरशः भाजून निघतील. शिवाय आतला गुळगुळीत रंग. पिल्लाला भोकापर्यंत चढायला खरबरीत लाकूड लागतं, रंगवलेल्या भिंतीवर नख्या घसरतात. हे घेऊ नये. शोभेला ओटीवर ठेवायचं तर गोष्ट वेगळी.

दुसरं पाइनचं. भिंत १२ मिलिमीटर किंवा थोडी जास्त, जोड खिळ्यांचे, छप्पर बिजागरीवर उघडणारं. घडण बरी असते. खोट आहे ती लोखंडात. पिवळसर मुलामा दिलेली बिजागरी आणि साधे खिळे समुद्राच्या खाऱ्या हवेत एका पावसाळ्यात गंजतात. गंज लाकडात उतरतो, खिळ्याभोवतीचं लाकूड काळं पडून सैल होतं, आणि एक दिवस तळ सुटून पडतो, कधी कधी आतल्या घरट्यासकट. तळ भिंतींच्या खाली सपाट ठोकलेला असतो, त्यामुळे भिंतीवरून ओघळलेलं पाणी सांध्यातून आत ओढलं जातं. तळाला निचऱ्याची भोकं नसतात. छप्पर पुढे जेमतेम दोन सेंटिमीटर येतं. नैर्ऋत्येच्या वाऱ्यावर आडवा येणारा कोकणातला पाऊस दोन सेंटिमीटरच्या पागोळीला काय दाद देणार! थोडक्यात, सांगाडा ठीक, बाकी सगळं बदलावं लागतं.

तिसरं रूप म्हणजे गवत किंवा काथ्या विणून केलेली थैली, ‘रूस्टिंग पॉकेट’ नावाची. ही रेनला थंडीत झोपायला. युरोपातल्या कडाक्यात रेन एकमेकांना चिकटून रात्र काढतात. इंग्लंडमध्ये नॉरफोकला १९६९ साली एकाच खोक्यात ६० हून जास्त रेन शिरलेले मोजले गेले आहेत. कोकणात ही गरजच नाही, आणि जुलैच्या दमटीत त्या थैलीला हिरवी-काळी बुरशी धरते. किनाऱ्यावरच्या पर्यटन ठिकाणी करवंटीची घरटी मिळतात, ती दिसायला गोड. पण आतली जागा मुठीएवढी, उन्हात तापणारी, आणि उघडून साफ करता येत नाहीत. गुण शून्य.

पाइनचं खोकं घरात येऊन पडलंच असेल तर फेकू नका, दुरुस्त करा. आधी मापून पाहा. व्हर्नियर नसेल तर दहा रुपयांचं नाणं घ्या, त्याचा व्यास २७ मिलिमीटर. नाणं भोकातून कसंबसं, कडेला घासत जात असेल तर ते रेनचं भोक. चहूबाजूंनी अडीच मिलिमीटर फट राहत असेल तर ३२, चिमणीला चालेल.

भोक वाढवताना सगळ्यांची एकच चूक होते. ३२ मिलिमीटरचा होल सॉ (ड्रिलला लावायची गोल करवत) सरळ जुन्या भोकावर ठेवतात, मधल्या गिरमिटाला धरायला लाकूडच नसतं, सॉ नाचतो आणि पुढची फळी उभी चिरते. आधी जुन्या भोकात लाकडाची गोल खुंटी किंवा जाड फळीचा तुकडा घट्ट बसवा, आतल्या बाजूनं दुसरी फळी क्लॅम्पनं दाबा, मग मध्य काढून सावकाश फिरवा. कडा पॉलिश पेपरनं घासा. उभी राहिलेली एक चिरफळी पिसं उपटायला पुरते. मग ती दांडी. ती काढूनच टाका. बिळात राहणाऱ्या पक्ष्याला दांडी लागत नाही, तो सरळ भोकाच्या काठावर येऊन बिलगतो. दांडीचा उपयोग कावळ्याला, टकाचोराला आणि भारद्वाजाला होतो: तिथे बसून वाट पाहायची आणि पिल्लानं डोकं बाहेर काढलं की उचलायचं. दांडीचं भोक लाकडी खुंटी ठोकून बुजवा, नाहीतर ओल तिथून आत जाते.

तळाच्या चारी कोपऱ्यांना सहा मिलिमीटरची चार भोकं पाडा. छपराखाली दोन्ही बाजूंना दहा मिलिमीटरची दोन-दोन भोकं, हवा खेळायला. खिळे काढून स्टेनलेसचे स्क्रू. किनाऱ्यापासून चार घरं आत असाल तर ३०४ प्रतीचे चालतात, लाटांचा तुषार पोचतो तिथे ३१६ घ्या. छपरावर मोठी फळी दुसरी चढवा, पुढे किमान सहा सेंटिमीटर बाहेर येईल अशी, आणि तिच्या खालच्या अंगाला काठापासून बोटभर आत करवतीनं तीन मिलिमीटरची आडवी खाच पाडा. पाणी खाचेशी तुटून खाली पडतं, आत वळत नाही. एवढं करून तळ दहा बाय दहाच राहतो. चिमणीला चालतो, पण चार पिल्लं झाली की दाटी होते.

यापेक्षा गावच्या सुताराकडून करून घेतलेलं खोकं प्रत्येक बाबतीत सरस ठरतं, आणि तो बहुतेकदा उरलेल्या फळीतच करून देतो. फणस किंवा साग उत्तम. आंब्याची फळी स्वस्त असते, पण तिला पोरकिडा लवकर लागतो. दोन-तीन वर्षांच्या बोलीवर घ्यायची तर घ्या. माप असं सांगा: १५० मिलिमीटर रुंद, २० जाड, १.३ मीटर लांब फळी. तिच्यातून दोन बाजू, मागच्या अंगाला २८० आणि पुढच्या अंगाला २३० उंच. दोन्ही एकमेकींना उलट्या लावून एका तिरप्या कापात निघतात. पुढची फळी २३०, मागची ३८०, म्हणजे भिंतीला स्क्रू मारायला खाली-वर जागा राहते. तळ ११० बाय १५०. छप्पर वेगळ्या फळीचं, २५० बाय २४०. पुढची आणि मागची फळी बाजूंच्या कडांवर बसली की आत ११ बाय १५ सेंटिमीटरची जागा मिळते. तळ बाजूंच्या खाली न ठोकता आत, सहा मिलिमीटर वर उचलून बसवायचा. ओघळ भिंतीच्या टोकावरून गळून जातो आणि तळ कोरडा राहतो. ही एक गोष्ट सुताराला दोनदा सांगावी लागते, कारण हाताला सवय खालून ठोकण्याची असते.

भोकाचा मध्य पुढच्या फळीच्या खालच्या कडेपासून १७५ मिलिमीटरवर. म्हणजे भोकाचा खालचा काठ आतल्या तळापासून १३ सेंटिमीटर वर येतो. कमी ठेवलं तर मांजराचा पंजा आणि कावळ्याची चोच घरट्यापर्यंत पोचते. पुढच्या फळीची आतली बाजू रंधू नका. असलीच गुळगुळीत तर करवतीनं आडव्या चार-पाच उथळ रेघा मारा. साफसफाईसाठी एक बाजू दाराप्रमाणे उघडणारी करा आणि तिला दोन-तीन मिलिमीटरची सैल फट ठेवा. मे महिन्यात चपखल बसलेलं दार जुलैत फुगून असं आवळतं की मग पहारीशिवाय उघडत नाही.

आतून रंग, वार्निश, पॉलिश काही नाही. बाहेरून कच्चं जवसाचं तेल दोन हात, आणि खोकं टांगण्याआधी महिनाभर वाऱ्यावर वाळवा. होडीला लावतात तसं काजूच्या टरफलाचं तेल लावायची कल्पना कोणीतरी सुचवतंच. लाकडाला ते चांगलं, पण कातडी भाजणारं आहे. जिथे उघडी पिल्लं टेकणार तिथे नको.

टांगायच्या जागेबद्दल सोबतच्या कागदाचा काहीच उपयोग नाही, तो ‘खांबावर, मोकळ्या हिरवळीत’ असं सांगतो. कोकणात चिमणीची जागा एकच: वळचण. पडवीच्या, गोठ्याच्या किंवा मांगराच्या वळचणीखाली, अडीच-तीन मीटर उंचीवर, तोंड पूर्वेला किंवा ईशान्येला. पश्चिम आणि नैर्ऋत्य टाळा, पावसाचा मारा तिकडून. जांभ्याच्या भिंतीत साधा प्लग धरत नाही, दगड भुरभुरतो आणि स्क्रू फिरत राहतो. ७५ मिलिमीटर किंवा त्याहून लांब स्क्रू, किंवा जुन्या पद्धतीनं लाकडी खुंटी ठोकून तिच्यात स्क्रू. तसं पाहिलं तर गिलावा न केलेल्या जांभ्याच्या भिंतीत आणि कौलांच्या फटींत चिमणीला आणि दयाळाला फुकटची खोकी होती. गिलावा आणि स्लॅब आले, फटी बुजल्या. घर दुरुस्तीला काढलंच असेल तर वळचणीशी दोन फटी तशाच सोडल्या तरी एक खोकं वाचतं.

माडाच्या खोडाला खिळा मारू नका. जखमेचा वास लागून लाल सोंड्या भुंगा येतो, भेगेत अंडी घालतो, आणि अळ्या आतून गाभा पोखरतात. वर झाप पिवळे पडेपर्यंत कळत नाही, आणि तोवर माड हातचा गेलेला असतो. शिवाय माडाखाली काही टांगणं म्हणजे एखाद्या दिवशी झाप किंवा नारळ त्यावर येणारच. आंब्या-फणसाला बांधायचं तर दोरीनं बांधा आणि दोरी दर वर्षी सैल करा.

झाडावर खरी अडचण हुमल्यांची, म्हणजे ओंबील या लाल मुंग्यांची. पिल्लं अंड्यातून बाहेर आली की वासावर रांग लागते आणि एका रात्रीत घरटं संपतं. खोक्याला कुठलीच फांदी, पान, वेल टेकता कामा नये. टेकलं की पूल झाला. लक्ष्मणरेषेचा खडू किंवा कीटकनाशकाची पावडर खोक्याला लावू नका, ती पिल्लांच्या पोटात जाते. ग्रीसही उघड्यावर नको, पिसांना लागलं तर पक्षी ते चोचीनं काढायला जातो. वळचणीच्या भिंतीवर ओंबिलं क्वचित येतात, हेही त्या जागेच्या बाजूनं. धामण मात्र भिंतीवरूनही येते. खोक्याखाली लाकडं रचू नका, शेजारून वेल चढवू नका, एवढंच हातात असतं. रिकामं खोकं राहिलं तर कुंभारीण माशी भोकाच्या काठाला मातीचं घर करते. ते वाळल्यावर खरवडून काढा.

काही विक्रेते खोक्याबरोबर बाजरी-राळ्याचं पाकीट देतात. रेनला त्याचा उपयोग नाही, वटवट्याला नाही, आणि चिमणीसुद्धा पहिल्या दिवसांत पिल्लांना अळ्या-किडेच भरवते. म्हणून खोकं कुठे टांगलं यापेक्षा आसपास फवारणी किती होते याला जास्त महत्त्व. हापूसच्या मोहोरावर तुडतुड्यांसाठी डिसेंबरपासून फवारण्या चालू असतात. अशा बागेच्या मधोमध टांगलेलं खोकं भरलं तरी पिल्लं उपाशी राहण्याची भीती असते. घराजवळचा, न फवारलेला कोपरा निवडा. दाण्यांपेक्षा मातीचं पसरट भांडं आणि रोज बदललेलं पाणी जास्त कामाचं, विशेषतः एप्रिल-मेमध्ये.

दयाळासाठी कोणी विचारतं. दयाळ पोकळीत घरटं करतो आणि खोकं घेतो, पण त्याला भोक ५० ते ६० मिलिमीटरचं लागतं आणि तळही थोडा ऐसपैस. त्या भोकातून साळुंकीही जाते, आणि भांडणात ती जिंकते. एकच खोकं दोघांना चालेल असं म्हणणारा विक्रेता खोटं बोलत नाही, पण कोण राहील ते तो सांगत नाही. दयाळाचा हंगाम मार्चपासून, तेव्हा खोकं जानेवारीत वर गेलेलं हवं.

चिमणीचं खोकं दिवाळीनंतर लावलं तर वास जाऊन लाकूड मुरायला वेळ मिळतो. अंडी ११ ते १४ दिवसांत फुटतात, पुढे साधारण दोन आठवड्यांत पिल्लं उडतात, आणि जोडी जमली तर लगेच दुसरी वीण धरते. आत काय चाललंय हे पाहायला दार उघडू नका. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि अंडी-घरट्यांना हात लावायला त्याची मनाई आहे, पण त्याआधी घाबरलेली मादी घरटं सोडते हे मोठं कारण. पिल्लं उडून आठवडाभर ये-जा थांबली की जुनं गवत-पिसं काढा, कढत पाणी ओता, दोन दिवस कडक उन्हात उघडं ठेवा. फिनेल नको, डांबरगोळी नको.

राहिला वटवट्या, ज्याचा फोटो पाहून अनेकांना खोक्याचा मोह होतो. त्याच्यासाठी पैसे खर्चायची गरज नाही. परड्याच्या एका कडेला, गडग्यालगत, दोन-तीन मीटर पट्टा पावसाळाभर न कापता सोडा: रुंद पानांचं एखादं झुडूप, थोडी जास्वंद, खाली उंच गवत. गवत कापायचं यंत्र तिथे दसऱ्यापर्यंत फिरवायचं नाही.

आणि खोकं नुकतंच मागवलं असेल तर ड्रिल उचलण्याआधी दहाचं नाणं भोकात घालून पाहा. भोक मोठं केलं की माल परत घेत नाहीत.